बियाण्याची परीक्षा दुसऱ्या वर्षीं

भिसेगांवच्या शेतकऱ्याला भाताची पैदास म्हणजे काय हें पाहावयास दूर जावें लागत नाहीं. कर्जतचें भात संशोधन केंद्र 1919 सालीं निघालें व आज तें दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे आहे. कर्जत-184, कर्जत-3 हे वाण आपल्या तालुक्याचें नांव घेऊन दूरवर गेले. 'सह्याद्रि' हा संकरित वाण 1998 सालीं येथूनच बाहेर पडला. असें असूनही सरळ वाण व संकरित वाण यांतील भेद आपल्या मंडळींच्या ध्यानांत यावा तितका आलेला नाहीं.

आम्हीं स्वतः एकदां संकरित भाताचें घरचें बीं राबांत टाकलें. लावणीपर्यंत कांहींच कळलें नाहीं. गणपतीच्या सुमारास पाहतों तों कांहीं रोपें निसवलेलीं, कांहीं अजून पोटरींत, कांहीं हातभर उंच वाढून आडवीं पडलेलीं. कापणी एका वेळीं होईना. अगोदर पिकलेले दाणे खाचरांत गळाले.

दोष बियाण्याचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. भाताचें फूल स्वतःच्याच परागानें फळतें. संकर करावयाचा तर फूल उमलण्यापूर्वीं त्यांतील सहाही पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर पाडावा लागतो. पहिली पिढी एकसारखी निघते. दुसरींत आजा-आजींचे गुण विखरून बाहेर पडतात. त्या गर्दींतून चांगलीं रोपें निवडून पैदासकार पुढील पांच-सहा पिढ्या तेंच करीत राहतो, तेव्हां गुण स्थिर होतात. कर्जत-3 हा असा स्थिर झालेला वाण. संकरित बियाण्यांत मात्र पहिल्या पिढीचा जोमच विकला जातो. त्यासाठीं ज्याचा पराग निकामी आहे असें मादी रोप लागतें. 1970 सालीं चीनमधील हैनान बेटावर रानभातांत तसें रोप सांपडलें, तेव्हां युआन लाँगपिंग यांच्या प्रयत्नांना वाट मिळाली. गोठ्यांतही न्याय हाच. संकरित कालवडीचें दूध पाहून जो संकरित गोऱ्ह्यालाच वळू करतो, त्याची पुढची पैदास तशी एकसारखी उतरत नाहीं.

यावरून संकरित वाण टाकाऊ, असें आमचें म्हणणें नाहीं. दरसाल बियाणें विकत घेण्याची ऐपत, खताची तयारी व हातचें पाणी असेल त्यानें तो अवश्य लावावा. परंतु पावसाच्याच भरंवशावर असलेल्या खाचरांसाठीं, ज्याचें बीं शेतकऱ्याच्या कणगींत टिकतें त्या सरळ वाणावर संशोधनाचा अधिक वेळ व पैसा खर्च व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. संकरित वाणाची भलावण करणारा विक्रेता सांपडतोच. सरळ वाणाची बाजू शेतकऱ्यावांचून कोण घेणार?

आपल्याकडूनही कांहीं व्हावयास हवें. खाचराच्या मध्यभागीं, बांधापासून चार हात आंत, एक तुकडा बियाण्यासाठीं राखावा. निसवतांना व कापणीपूर्वीं भेसळ उपटावी आणि तें भात वेगळें झोडावें. पेरणीपूर्वीं 10 लिटर पाण्यांत 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं टाकावें, तरंगणारे पोचट दाणे काढावे, तळचें बीं साध्या पाण्यानें धुऊन सावलींत सुकवावें. तीन वर्षांनीं मूळ बियाणें नव्यानें आणावें. आणि आणतांना पिशवीवरील चिठ्ठी वाचून, तें सरळ कीं संकरित हें विचारूनच पैसे मोजावे.