डिकीतलं स्वयंपाकघर

घरची गाडी घेऊन एका रात्रीपुरतं बाहेर मुक्कामाला जायचं, माळावर तंबू टाकायचा किंवा गाडीतच झोपायचं, ही हौस आता कोल्हापुरातही चांगली रुजली आहे. राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा, पन्हाळ्याच्या पलीकडचं मसाई पठार, थोडं लांब जायचं असेल तर आंबोली. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. त्यासाठी वेगळी गाडी कुणी घेत नाही. दारात जी उभी असेल, जुनी ओम्नी, ईको किंवा बोलेरो, तिचीच तयारी करायची. या तयारीवर पुरुषमंडळी तासन्‌तास बोलू शकतात. कुठले टायर, कसलं कॅरियर, कुठला दिवा. मला बोलायचं आहे ते गाडीच्या मागच्या दाराबद्दल. त्या दारातून आत काय चढतं, ते कोण चढवतं आणि परत आल्यावर कोण उतरवतं, याबद्दल.

काय चढतं ते आपल्याला पाठ आहे. शेगडी, पातेली, पोळपाट-लाटणं, भिजवलेली कडधान्यं, चिरून ठेवलेली भाजी, मुलांचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या, कुणाला थंडी वाजेल म्हणून जास्तीची पांघरुणं. शुक्रवारी रात्री अकरापर्यंत बाई हे बांधत असते. शनिवारी माळावर उतरल्यावर बाकीचे सूर्यास्त बघायला जातात आणि ती दगडांच्या आडोशाला शेगडी पेटवत बसते. घरी निदान ओटा होता, नळ होता. इथं वाकून, उकिडवं बसून तेच काम. केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७. हा हिशेब रोजचा. सुटीच्या दिवशी ही मिनिटं कमी होतात की वाढतात, ते प्रत्येकीनं आपल्या मागच्या सहलीपुरतं मांडून बघावं.

काही मैत्रिणी म्हणतील, हा विषय आपल्या पानांवर कशाला? ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांचे हे चोचले. पण आपल्याकडं बाईला घराबाहेर रात्र काढायला मान्य असलेली कारणं किती आहेत? माहेर, दवाखाना आणि देवदर्शन. तिन्ही ठिकाणी ती कुणासाठी तरी जाते, निदान तसं सांगून जाते. काही कारण नसताना, केवळ उघड्यावर झोपून चांदणं बघायला जाणं या यादीत बसत नाही. त्यामुळं ती सहलीला जाते तेव्हाही काम सोबत नेते. काम नेलं म्हणजे जायला कारण मिळतं. बायकांच्या श्रमांवर आपण शिबिरं घेतली, लेख लिहिले. बायकांच्या विश्रांतीबद्दल बोलायला मात्र आपल्यालाही थोडा संकोच वाटतो, असं माझं निरीक्षण आहे.

बरं, पुरुषांना उघड्यावर रांधता येत नाही, असं निदान कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. इथं रस्सा मंडळांची परंपरा आहे. तालमीतले, पेठेतले दोस्त वर्गणी काढतात, पंचगंगेच्या काठाला, कुणाच्या मळ्यात नाहीतर जोतिबाच्या बाजूला जातात, तीन दगडांची चूल मांडतात आणि चाळीस-पन्नास माणसांचा तांबडा-पांढरा रस्सा उतरवतात. कांदा कोण चिरणार, मटण कोण बघणार, ओल्या लाकडाला कोण फुंकर घालणार, सगळं ठरलेलं. चव तर अशी, की घरी येऊन आठ दिवस तेच सांगत बसतात. मग हाच माणूस बायको-मुलांना घेऊन दाजीपूरला निघाला, की त्याच्या हाताला काय होतं? मित्रांसाठी रांधणं ही मर्दुमकी आणि कुटुंबासाठी रांधणं हे बायकी काम, एवढाच यातला फरक. तेव्हा सहल ठरली की पहिली अट घालावी, मुक्कामाच्या ठिकाणी रस्सा मंडळ चालवायचं आणि त्यात बायकांची नावं स्वयंपाक्यांत घालायची नाहीत. ज्या घरात हे जमणार नाही, त्यांनी बांधलेली भाकरी-चटणी, भडंग, दही, केळी यांवर दोन वेळा भागवावं. त्यानं कुणी उपाशी मरत नाही.

गाडीतल्या सामानाची मांडणी हाही याच प्रश्नाचा भाग आहे. सगळं बोचक्यांत बांधलं असेल, तर मीठ कुठं आहे हे बांधणारीलाच माहीत असतं आणि मग दर पाच मिनिटांनी तिच्या नावाची हाक येते. त्याऐवजी एकाच उंचीच्या दोन लोखंडी पेट्या घ्याव्यात. एकीत स्वयंपाकाचं, दुसरीत बाकीचं. झाकणाच्या आतल्या बाजूला आत काय आहे त्याचा कागद चिकटवावा आणि तो कागद घरातल्या पुरुषानं किंवा मोठ्या मुलानं लिहावा. लिहिलं की लक्षात राहतं. या पेट्या गाडीत कायम भरून ठेवल्या, तर शुक्रवारची रात्र मोकळी राहते. मागचं आसन दुमडता येत असेल, तर त्याच पेट्यांवर जाड फळी टाकून दोघींच्या झोपेची सोय होते. फळी सुटी असावी. आसनं कायमची उखडणं, पत्रा कापणं असले प्रकार करू नयेत. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असे फेरफार मोटार वाहन कायद्याला चालत नाहीत. पाणी वीस लिटरच्या एका कॅनपेक्षा पाच-पाच लिटरच्या चार कॅनमध्ये न्यावं. वीस लिटर म्हणजे वीस किलो, आणि तो कॅन कुणीतरी उचलायचा असतो. कॅरियरवर जड काही नको, घाटाच्या वळणावर गाडी कलते. मच्छरदाणीचं कापड, दोऱ्या, ताडपत्री एवढं झालं की झोपेचं भागलं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. पाऊस आला, वारं सुटलं, की "गाडीत बसूनच चहा टाक" असं कुणीतरी सहज म्हणतं. बंद गाडीत शेगडी कधीही पेटवायची नाही, मग ती गॅसची असो वा कोळशाची. हिटर किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचंही नाही. त्यातून होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, माणसाला आधी गुंगी येते आणि मग काही कळत नाही. लहान सिलिंडर उभा ठेवावा, प्रवासात रेग्युलेटर काढून ठेवावा, आणि उन्हात बंद गाडीत तो सोडून जाऊ नये.

आता ज्याबद्दल गाडीच्या तयारीत कुणीच बोलत नाही ते. आपल्यापैकी किती जणी प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत? घसा कोरडा पडला तरी चालेल, पण मध्ये कुठं थांबायला सांगायला नको. पुरुष घाटात गाडी थांबवून पाच पावलांवर मोकळे होतात. बाई मात्र जळजळ, ताप, लघवीचा संसर्ग घेऊन सोमवारी कामावर जाते. मुंबईत २०११ साली स्त्री-संघटनांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली, तेव्हा शब्द ऐकून अनेकजण हसले होते. माळावर तर मागणी करायला नगरपालिकाही नसते. म्हणून ही सोय गाडीतच असली पाहिजे आणि सामानाच्या कागदावर तिचं नाव सगळ्यांत वर असलं पाहिजे. घट्ट झाकणाची बादली, तळाला लाकडाचा भुसा, हात धुवायला वेगळा कॅन, साबण. आडोशाला जुनी नऊवारी. आठ-साडेआठ मीटर कापड असतं. मागचं उघडं दार आणि दोन काठ्या यांना गुंडाळलं की चारही बाजू झाकल्या जातात. खुरपं न्यावं, ओढ्या-विहिरीपासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून वर माती लोटावी. पॅड पुरायचे नाहीत, कागदात गुंडाळून परत आणायचे. पाळीच्या दिवसांत सहल टाळायची सवय त्यामुळं आपोआप सुटते. मुलग्यांनाही हे सगळं माहीत असू द्यावं. आडोसा बांधायचं काम त्यांना दिलं, तर ते फार हौसेनं करतात.

मुक्कामाची जागाही याच अंगानं निवडावी. दाजीपूरचं जंगल १९५८ पासून गव्यांसाठी अभयारण्य आहे आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत राधानगरीचा समावेश झाला. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून रात्र काढायची नाही. त्यापेक्षा अलीकडच्या एखाद्या गावात शेतकऱ्याच्या खळ्यावर किंवा परड्यात मुक्काम चांगला. मात्र परवानगी फक्त कारभाऱ्याला विचारून भागत नाही. घरातल्या बाईशी बोलावं. तिच्या न्हाणीचा, संडासाचा वापर करणार असू, तिनं लांबून आणलेलं पाणी वापरणार असू, तर पैसे तिच्या हातात द्यावेत. नाहीतर आपली सुटी म्हणजे दुसऱ्या बाईच्या डोक्यावरचा जादा हंडा.

राहिला चालवण्याचा प्रश्न, आणि माझ्या मते गाडीची खरी तयारी इथंच आहे. गाडी घरची म्हणायची आणि चावी एकाच खिशात. "आम्ही हाय की चालवायला, तू कशाला शिकतीस?" हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, म्हणून त्याला उत्तर देणं अवघड. पण रात्री माळावर त्या एकट्या चालवणाऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, त्याला काही चावलं किंवा त्यानं रस्सा मंडळाच्या नावाखाली ढोसली, तर पुढं काय? शिकाऊ परवाना काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. एक महिना. लग्नाच्या बस्त्यापेक्षा कमी धावपळ असते.

मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास एका बाईनंच केला आहे. जर्मनीतली बर्था बेंझ. नवऱ्यानं, कार्ल बेंझनं, मोटार बनवली होती, पण तिच्यावर लोकांचा भरवसा बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्थानं त्याला न सांगता गाडी काढली, दोन मुलग्यांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर गेली. इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, आणि हे कोल्हापूरकरांना तरी समजावून सांगायला नको. जायचं कुठं होतं? माहेरी! कारण आपल्या यादीतलंच होतं, पण काम तिनं भलतंच करून दाखवलं. तर सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायची मुभा मिळायला २०१८ साल उजाडावं लागलं. इकडं आपण कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणीला वळसा घालून जातो, आणि गाडीच्या मागच्या आसनावरून तिच्याकडं बघून मुलांना सांगतो, बघ, तिनं पन्हाळ्यावरून राज्य चालवलं.

परवान्याबरोबर स्टेपनी बदलायलाही शिकावं. निघण्याआधी स्टेपनीत हवा आहे का ते बघावं, जॅक आणि पान्हा जागेवर आहेत ना तेही. गाडी सपाटीला, हँडब्रेक ओढलेला, दुसऱ्या चाकाला पुढंमागं दगड. नट ढिले करायचे ते चाक जमिनीला टेकलेलं असतानाच, जॅक त्यानंतर. हाताला जोर पुरत नाही ही सबब चालत नाही, पान्ह्यावर पाय देऊन अंगाचा भार टाकला की नट हलतो. बसवताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. आमच्या गटात हे एका रविवारी सगळ्यांनी करून पाहिलं. सगळ्यांत आधी जिचं चाक बसलं, तिनं बावीस वर्षं त्याच गाडीतून शेजारी बसून प्रवास केला होता.

ज्यांच्याकडं गाडी नाही, त्या पाच-सहाजणींनी मिळून भाड्यानं घ्यावी. फक्त ती पिवळ्या पाटीची, परवान्याची असावी. ओळखीतली खासगी गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. पावसाळ्यात गगनबावडा, आंबोलीला इतका पाऊस कोसळतो, की चूल, तंबू आणि हौस सगळंच वाहून जातं.

आणि परतीचं आताच ठरवून घ्यावं. रविवारी रात्री दारात गाडी लागते, सगळे अंघोळीला पळतात आणि डिकी उघडी राहते. ओली ताडपत्री, खरकटी पातेली, चिखलाच्या चपला, बादली. गाडी धुवायला पुरुषांना आवडतं, पाइप घेऊन ते तासभर रमतात. त्याच पाइपाखाली पातेलीही ठेवावीत.