अथांग पाण्यातला चित्रपट आणि तापीकाठची मुले



परदेशी विज्ञानपटांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन मते ठरलेली असतात. मुलांना ते आवडतात आणि मोठ्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. त्यातून चित्रपट खोल समुद्राचा असेल तर "आपण तापीकाठची माणसे, आपल्याला समुद्राशी काय करायचे?" हा प्रश्न जोडीला येतोच. या दोन्ही मतांविषयी थोडे लिहावे म्हणून एक जुना, पण आजही पाहण्याजोगा चित्रपट निवडला आहे. जेम्स कॅमेरॉन या दिग्दर्शकाचा 'द ॲबिस' (१९८९). ॲबिस म्हणजे तळ न लागणारी खोली.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेची एक अण्वस्त्रधारी पाणबुडी समुद्रात बुडते. जवळच तेल शोधणाऱ्या कामगारांचे समुद्रतळावरचे केंद्र असते. त्यांना मदतीला बोलावले जाते आणि नौदलाची एक तुकडीही तेथे उतरते. वर वादळ, खाली अंधार, आणि त्या अंधारात कोणीतरी अनोळखी, प्रकाशमान जीव वावरत असल्याची चाहूल. तुकडीचा प्रमुख भयाने आणि संशयाने भान हरपतो आणि एक अणुबाँब समुद्राच्या दरीत सोडतो. तो निकामी करण्यासाठी कामगारांचा प्रमुख बड ब्रिगमन त्या दरीत एकटा उतरतो.

आता माझे मत. खोल समुद्रावरच्या बहुतेक चित्रपटांत भीती दाखवायला एखादा प्रचंड मासा किंवा राक्षस आणतात. 'द ॲबिस'मध्ये खरा शत्रू आहे पाण्याचा दाब, आणि म्हणूनच हा चित्रपट मला त्या रांगेत वरचा वाटतो. राक्षस खोटा असतो, दाब खरा असतो. दर दहा मीटर खाली गेले की सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. सहा हजार मीटर खोलीवर नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेवर सुमारे सहा क्विंटल भार पडतो. केळीचे वीस-वीस किलोचे तीस घड एका नखावर ठेवल्यासारखे! आपल्या भागातल्या मुलाला हे उदाहरण सांगितले की दाब म्हणजे काय ते पुन्हा समजवावे लागत नाही.

या चित्रपटात शिकण्यासारख्या जागा पुष्कळ आहेत. त्या केंद्राच्या तळाला पाण्याचे उघडे कुंड आहे. तरीही समुद्र आत शिरत नाही, कारण आतल्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका ठेवलेला असतो. पेला उपडा करून बादलीत सरळ दाबला तर हेच घरी पाहता येते. बाँब निकामी करतानाचा प्रसंगही तसाच. निळी-पांढरी वायर कापायची, काळी-पिवळी नाही, एवढीच सूचना. पण जवळच्या नळीतून पिवळट हिरवा उजेड पडतो आणि त्या उजेडात दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो, हा धडा पुस्तकात आहेच, पण येथे तो जिवावर बेतलेला दिसतो.

सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे बड हवेऐवजी प्राणवायू मिसळलेल्या द्रवात श्वास घेत खाली जातो. ही निव्वळ थाप नाही. १९६६ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी फ्लुओरोकार्बन नावाच्या द्रवात बुडवलेले उंदीर श्वास घेऊ शकतात हे दाखवले होते. माणसाने मात्र अशा द्रवाने फुप्फुसे भरून खोल बुडी मारलेली नाही, हेही मुलांना सांगायला हवे. कॅमेरॉन यांना ही कल्पना सुचली ती शाळकरी वयात ऐकलेल्या एका विज्ञान व्याख्यानातून. त्यावर त्यांनी त्याच वयात एक छोटी कथा लिहिली आणि पुढे तिचाच चित्रपट झाला. शाळेतले एक व्याख्यान कुठवर पोहोचते ते पाहा!

आता "समुद्राशी आपला काय संबंध" या प्रश्नाकडे वळू. कॅमेरॉन यांचे बालपण कॅनडातल्या एका खेड्यात, समुद्रापासून सुमारे सहाशे मैलांवर गेले. पंधराव्या वर्षी त्यांनी पाणबुड्याचे शिक्षण घेतले, तेही ऐन हिवाळ्यात, पोहण्याच्या तलावात. खरा समुद्र त्यांनी पाहिला त्यानंतर दोन वर्षांनी. हाच माणूस २६ मार्च २०१२ रोजी मरियाना गर्तेत एकटा उतरला, १०,९०८ मीटर खोल. आपल्या बुऱ्हाणपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेने जेमतेम पाचशे किलोमीटरवर आहे. म्हणजे आपण त्यांच्यापेक्षा जवळच!

शिवाय मुलताईहून निघून आपल्या घाटांवरून वाहणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्रालाच मिळते. पाण्यासाठी जमिनीखाली उतरण्याचे शास्त्रही या शहराला मुघल काळापासून ठाऊक आहे. कुंडी भंडारा त्याची साक्ष देतो. आणि जगातला सर्वांत प्रसिद्ध काल्पनिक पाणबुडीवीर, जूल व्हर्नचा कॅप्टन निमो, मुळात कोण? १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर! व्हर्नने हे रहस्य १८७५ साली उघड केले. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या, त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीला हा निमो परका नव्हता. ज्याच्या राज्याला किनारा नाही, तोही समुद्राचा राजा होऊ शकतो.

चित्रपट निर्दोष मात्र नाही. शेवट मला पटत नाही. खोल पाण्यात राहिलेल्या माणसाला वर आणताना दाब फार सावकाश, कित्येक दिवस घेऊन कमी करावा लागतो. नाहीतर सोड्याची बाटली उघडल्यावर फेस यावा तसे रक्तात बुडबुडे होतात. चित्रपटात ते अनोळखी जीव सगळ्यांना एकदम पृष्ठभागावर आणतात आणि या अडचणीची वासलात एका वाक्यात लागते. माणसांनी हिमतीने सोडवत आणलेला गुंता शेवटी देव धावून यावा तसा सुटतो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. द्रवात श्वास घेणारा उंदीर दाखवण्यासाठी खरेच जिवंत उंदीर त्या द्रवात बुडवले गेले. ते वाचले असे सांगतात, आणि ब्रिटनच्या परीक्षण मंडळाने ते दृश्य वगळायला लावले. पडद्यावर तो जीव तडफडताना दिसतो. करमणुकीसाठी मुक्या प्राण्याला असे घाबरवणे योग्य नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे. चित्रपट कितीही चांगला असो, मुलांशी याबद्दल बोललेच पाहिजे. विज्ञान शिकवायचे आणि दया विसरायची, असे शिक्षण आपल्याला नको.

आणि हा विषय केवळ पडद्यापुरता राहिलेला नाही. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली 'टायटन' ही पाणबुडी दाबाने चिरडली आणि पाच जण दगावले. तिचा सांगाडा कार्बन फायबरचा होता. क्षेत्रातल्या जाणकारांनी २०१८ सालीच लेखी इशारा दिला होता. पाण्याच्या दाबाला घाई समजत नाही आणि श्रीमंतीही समजत नाही.

आपल्या देशातही 'मत्स्य ६०००' हे तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारे यान चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत आकार घेत आहे. माणसे बसतील तो गोळा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीचा. गोळाच का? कारण गोलावर दाब सगळीकडून सारखा विभागला जातो. २०२५ च्या सुरुवातीला बंदरात पाण्यात उतरवून यानाच्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन भारतीय 'नॉटील' या फ्रेंच यानातून अटलांटिक महासागरात गेले, एक ४०२५ मीटरपर्यंत आणि दुसरा ५००२ मीटरपर्यंत. पुढच्या यानांना अभियंते, वेल्डर, डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ सगळे लागतील. ते फक्त किनाऱ्यावरच्या शाळांतूनच यावेत असा कुठे नियम आहे?

म्हणून माझी सूचना अशी. विश्वस्तांनी वर्षातून एक असा चित्रपट आठवीच्या पुढच्या वर्गांना शाळेत दाखवू द्यावा आणि त्यानंतरचा एक तास प्रश्नांसाठी राखून ठेवावा. पालकांनी "काय तो सिनेमा" म्हणून बंद करण्यापेक्षा शेजारी बसून "यात खरे काय आणि खोटे काय?" एवढे विचारावे. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे पटलेल्या गोष्टी लिहा, उजवीकडे न पटलेल्या. उजवी बाजू लांब झाली तरी घाबरू नका. शंका विचारता येऊ लागली की विज्ञानाचा अभ्यास सुरू झालाच म्हणून समजा.