पैसेवारी, टक्के, आर आणि गुंठे : आपला वाटा बरोबर आला का, हे कसं तपासायचं?

परभणी : सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात गेलं, कापसाची बोंडं काळी पडली, नदीकाठची वावरं खरवडून गेली. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हापासून गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे फिरतायत. कुणी म्हणतं हेक्टरी साडेआठ हजार, कुणी म्हणतं साडेअठरा हजार, कुणी म्हणतं गुंठ्याला ८५ रुपये. त्यातच पैसेवारी ५० च्या आत का बाहेर, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर का खाली, असे वाद पारावर चालू असतात.

मंडळी, यातले बरेचसे वाद पैशाचे नाहीत, गणिताचे आहेत. आणि ते गणितही मोठं नाही. आपल्या लेकरांना पाचवीत शिकवतात ते सममूल्य अपूर्णांक, म्हणजे दिसायला वेगळे पण किमतीला सारखे असलेले वाटे. एका भाकरीचे दोन तुकडे करून एक खाल्ला काय, अन् चार तुकडे करून दोन खाल्ले काय, पोटात अर्धीच भाकरी गेली. १/२ आणि २/४ एकच. वरचा आकडा म्हणजे अंश, आपल्या वाट्याला आलेले तुकडे. खालचा म्हणजे छेद, एकूण किती तुकडे केले ते.

आणेवारीची पैसेवारी झाली, वाटा तोच राहिला

जुनी माणसं अजून ‘आणेवारी’ म्हणतात. रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा पीक आण्यांत मोजायचे. सोळा आणे म्हणजे भरगच्च पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आठ आण्यांची जागा पन्नास पैशांनी घेतली. म्हणजे ८/१६ चं ५०/१०० झालं. दोन्ही अर्धेच. चार आणे म्हणजे २५ पैसे, बारा आणे म्हणजे ७५ पैसे, हे तर कुणालाही येतं. सहा आणे म्हणजे साडेसदतीस पैसे, हे मात्र थोडं थांबून काढावं लागतं.

काढायची रीत एकच. वर आणि खाली एकाच आकड्यानं गुणा, नाहीतर एकाच आकड्यानं भागा. ६/१६ ला दोननं भागलं की ३/८. त्याला साडेबारानं गुणलं की साडेसदतीस छेद शंभर. वाटा बदलत नाही. पण वर-खाली सारखा आकडा मिळवला तर मात्र बदलतो. १/२ मध्ये वर एक आणि खाली एक मिळवला तर २/३ होतो, आणि तो अर्ध्यापेक्षा मोठा आहे. म्हणून गुणायचं किंवा भागायचं, मिळवायचं नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे तोंडपाठ होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे म्हणजे अपूर्णांकांचेच पाढे होते. शाळा फारशी न शिकलेला माणूसही खळ्यावर बटईचा हिशोब तोंडी करायचा, तो याच पाढ्यांवर.

पैसेवारी म्हणजे उरलेलं, टक्के म्हणजे गेलेलं

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. समजा एखाद्या गावाची पैसेवारी ४७ लागली. लगेच ग्रुपवर कुणीतरी टाकतं, ‘आपलं नुकसान ४७ टक्के धरलं.’ हे उलटं आहे. पैसेवारी सांगते की प्रमाण उत्पन्नाच्या शंभरात किती पीक हाती आलं. ४७ पैसे म्हणजे ४७/१०० आलं, ५३/१०० गेलं. म्हणून पैसेवारी जितकी कमी, तितकं गाव अडचणीत. ती ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पोरांच्या परीक्षा फीची माफी अशा सवलतींचा रस्ता उघडतो.

पंचनाम्यातला ३३ टक्क्यांचा निकष याच्या उलटा आहे. तो गेलेलं पीक मोजतो. २०१५ पर्यंत निम्मं, म्हणजे ५० टक्के पीक गेल्याशिवाय मदत बसत नव्हती. त्या वर्षी केंद्रानं हा निकष ३३ टक्क्यांवर आणला, म्हणजे साधारण १/३ वर. काहींना वाटतं तीन हा दोनपेक्षा मोठा, म्हणून १/३ हा १/२ पेक्षा मोठा. तसं नाही. भाकरीचे तुकडे जितके जास्त, तितका एकेक तुकडा लहान. निकष १/२ वरून १/३ वर आला म्हणजे तो शेतकऱ्याच्या बाजूनं सैल झाला. जुन्या मापात सांगायचं तर सोळा आण्यांतले आठ जायला लागायचे, आता सव्वापाचच्या थोडं वर गेले तरी चालतं.

आता दोन्ही आकडे एकाच बाजूनं मांडून बघा. ३३ टक्के गेलं म्हणजे ६७ टक्के उरलं. म्हणजे पैसेवारीची रेघ ५० वर आणि पंचनाम्याची रेघ उरलेल्या ६७ वर. समजा एका गावाची पैसेवारी ५५ निघाली. ते गाव ५० च्या आतलं नाही, म्हणून त्या सवलती नाहीत. पण सरासरीनं पाहिलं तर त्याच गावात प्रमाण उत्पन्नाचे ४५/१०० आलेलेच नाहीत. त्यातल्या कितीतरी वावरांचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असणार. तिथल्या शेतकऱ्याला ‘तुमची पैसेवारी ५० च्या वर आहे, तुमचा पंचनामा कशाला?’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. पैसेवारी गावाची असते, पंचनामा वावराचा असतो.

४० गुंठे, ४० आर आणि हेक्टरचा हिशोब

मदत जाहीर होते हेक्टरनं, आपण बोलतो एकरानं आणि सातबारावर असतात आर. एकराचे ४० गुंठे, हेक्टरचे १०० आर. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून दोन्ही जवळपास सारखेच. पण छेद वेगळा आहे. ४० गुंठे म्हणजे ४०/४०, पूर्ण एकर. ४० आर म्हणजे ४०/१००, पूर्ण हेक्टर नव्हे. त्याला वीसनं भागलं की २/५ हेक्टर.

आता जिरायती पिकाचा दर घ्या, हेक्टरी ८,५०० रुपये. एक एकरवाल्याचे ८,५०० चे २/५ म्हणजे ३,४०० रुपये झाले. ‘साडेआठ हजार जाहीर केले आणि तीन हजार चारशेच आले’ असं म्हणणाऱ्यानं आधी आपल्या सातबारावरचे आर बघावेत. ४० आर असतील तर आकडा बरोबर आहे. पॅकेजमधले रब्बीसाठीचे हेक्टरी १०,००० वेगळे. त्याचे २/५ म्हणजे ४,०००. दोन्ही मिळून ७,४००. साडेअठरा हजारांचा जो आकडा फिरतो तो या दोन्हींची बेरीज आहे, आणि तोही हेक्टरचा. हे दोन पैसे एकाच वेळी पडतील असंही नाही, म्हणून पासबुकातल्या दोन्ही नोंदी मिळवून बघा. मदतीची मर्यादा तीन हेक्टरची, हेही ध्यानात ठेवा.

दर पुरेसा आहे का, हा वेगळा प्रश्न. आरला ८५ रुपयांत बियाणंही येत नाही, हे सगळ्यांना दिसतंय. तो प्रश्न जोरात विचारायचा असेल तर आपला हिशोब पक्का पाहिजे. नाहीतर समोरचा माणूस आकड्यातली चूक दाखवतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सातबारा वाचताना शून्याकडं नीट बघा. ०.५० म्हणजे ५०/१००, अर्धा हेक्टर. ०.५ लिहिलं तरी तेच, कारण ५/१० आणि ५०/१०० एकच. पण ०.०५ म्हणजे ५/१००, नुसते पाच आर. अर्ज भरताना एक शून्य इकडचं तिकडं झालं तर पन्नास आरचे पाच आर होतात आणि ४,२५० रुपयांच्या जागी ४२५ पडतात.

विम्यात अर्धं गेलं, मिळालं तिसऱ्या हिश्शाचं

खरीप २०२५ पासून एक रुपयातला पीक विमा बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्के आणि कापसाला ५ टक्के हप्ता आहे. २/१०० म्हणजे १/५० आणि ५/१०० म्हणजे १/२०. पन्नास हजारांचं संरक्षण असेल तर सोयाबीनचे हजार रुपये आणि कापसाचे अडीच हजार. भरपाई ठरते महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर.

समजा एका मंडळात सोयाबीनची चांगल्या वर्षांची सरासरी हेक्टरी १,५०० किलो आहे. जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा उत्पादन त्याच्या ७/१०, म्हणजे १,०५० किलो. यंदा निघालं ७००. शेतकरी म्हणतो, ‘पंधराशेचं सातशेवर आलं, निम्म्याहून जास्त गेलं.’ बरोबर आहे, ८००/१५०० म्हणजे ८/१५. विमा कंपनी म्हणते, घट १,०५० मधून ३५० ची. ३५०/१०५० ला ३५० नं भागा, १/३. हेही बरोबर. विमा रक्कम समजा ५४,००० असेल तर हेक्टरी १८,००० मिळतील. दोघांचा हिशोब बरोबर असून वाद का? कारण छेद वेगळा. शेतकरी सरासरीला भागतो, कंपनी उंबरठ्याला. म्हणून पंधराशेचं अकराशेवर आलं तरी विमा शून्य, कारण उंबरठा ओलांडलेला आहे.

शेजारच्या मंडळाचं बघा. तिथं उंबरठा ८४० आणि निघालं ५६०. घट २८० किलोची. ‘त्यांचं २८० किलोच कमी आलं आणि आमचं ३५०, तरी पैसे सारखे कसे?’ २८०/८४० म्हणजे पण १/३ च. तपासायला तिरका गुणाकार करा. ३५० गुणिले ८४० म्हणजे २,९४,०००. २८० गुणिले १,०५० म्हणजे पण २,९४,०००. दोन्ही गुणाकार सारखे आले की वाटे सारखे.

भावकीतला हिस्सा

हेच गणित सामाईक सातबारावर जास्त तापतं. समजा १ हेक्टर २० आर तिघा भावांच्या नावावर आहे. प्रत्येकाचा १/३. त्यातला एक भाऊ वारला. मागं बायको, दोन मुलं आणि एक मुलगी असे चार वारस, आणि चौघांचा वाटा सारखा लागला. १/३ चे चार भाग म्हणजे १/१२. आता सगळ्यांचे वाटे एकाच छेदावर आणा. दोन भावांचे ४/१२ आणि ४/१२, चार वारसांचे १/१२ प्रमाणे चार. बेरीज १२/१२. आरमध्ये ४०, ४० आणि चार वेळा १०, एकूण १२०.

बेरीज पूर्ण एक आली नाही तर समजायचं, कुणाचा तरी वाटा राहिला किंवा कुणाचा तरी वाढला. बऱ्याच वेळा राहतो तो लेकीचा. कायद्यानं तिचा वाटा मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो स्पष्ट केला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यावरचा वाद मिटवला. सामाईक खात्याची मदत संमतीपत्रावर एकाच्या खात्यात जाते. त्या वेळी कोरा कागद सही करून देऊ नका, त्यावर कुणाचे किती छेद बारा ते लिहून घ्या.

मग करायचं काय?

देशपातळीवरच्या ‘परख’ सर्वेक्षणात, जे ४ डिसेंबर २०२४ रोजी शाळांमध्ये घेतलं गेलं, सहावीच्या शंभरातल्या २९ मुलांनाच अर्धा, पाव असे रोजच्या वापरातले अपूर्णांक मांडता आणि तुलना करता आले. हीच लेकरं उद्या सातबारा वाचणार आहेत. शाळेत भाकरीचं आणि सफरचंदाचं चित्र असतंच, त्यासोबत गुरुजींनी गावचा एक सातबारा आणि एक पैसेवारीचा आकडा फळ्यावर लिहावा.

प्रशासनाकडं मागणी एवढीच. चावडीवर मदतीची यादी लावताना नाव आणि रक्कम यांच्यामध्ये ‘बाधित क्षेत्र आरमध्ये’ आणि ‘दर आरला किती’ असे दोन रकाने असावेत. पैसेवारी जाहीर करताना ‘उरलेलं’ आणि ‘गेलेलं’ दोन्ही लिहावं. अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतील आणि उरलेल्या अर्ध्या खऱ्या असतील.

आणि आपण? पुढच्या वेळी कुठलाही आकडा ग्रुपवर आला की फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा आकडा कशाच्या किती भागांपैकी आहे? तो उरलेल्याचा आहे का गेलेल्याचा? आणि समोरच्या आकड्याचा छेद तोच आहे का? छेद सारखा नसेल तर आधी सारखा करा, मग भांडा. तलाठी कार्यालयात जाताना सातबारा, पासबुक आणि हा हिशोब एका कागदावर मांडून न्या. घरात पाचवी-सहावीचं लेकरू असेल तर मांडायला त्यालाच बसवा.