पुन्हा अंगठेबहाद्दर

परवा गावी, किन्हीराजाला गेलो होतो. रेशन दुकानात पुढे एक म्हातारी उभी. जन्मभर निंदण-खुरपण करून बोटं झिजलेली, मशीन अंगठा घेईना. लुगड्याला पुसून चौथ्या खेपेला एकदाचा लागला. तिला धान्य मिळालं. तिने कधी, कुठे अंगठा लावला याची नोंद सरकारला मिळाली.

मी कुरकुरलो, तर शेजारचे काका म्हणाले, "आपल्यापाशी लपवाले हाय काय? पाप असन त्यालेच भेव!"

हेच वाक्य शहरातले शिकलेले लोकही ऐकवतात. पण काका रात्री दाराला कडी लावतात, ती काय घरात पाप करायचं म्हणून? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो पापी माणसाचा आडोसा नाही.

"मग गुन्हेगार पकडायचे नाहीत का?" पकडा की, पण कायद्याने! लाचेच्या एका प्रकरणात मुंबईच्या एका उद्योजकाचा फोन ऐकला गेला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे तिन्ही आदेश रद्द केले. ना सार्वजनिक आणीबाणी होती, ना लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न. खटला झाला म्हणून त्याला निदान कळलं तरी. ज्यांच्यावर खटलाच होत नाही त्यांना कोण सांगणार?

फोन ऐकायची परवानगी देणार गृहसचिव आणि ती तपासणार सचिवांचीच समिती. आपणच पेपर लिहायचा, आपणच तपासायचा! १८८५ चा तार कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ मध्ये नवे नियम आले. न्यायाधीश मात्र त्यात अजूनही नाही.

आता दुसरी बाजू बघा. ज्या महाराष्ट्राने देशाच्या आधी, २००२ मध्येच माहिती अधिकाराचा कायदा केला, तिथेही आता उत्तर मिळणं अवघड होणार. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला आपल्या खासगीपणाच्या नावाने. त्यात केंद्राला स्वतःच्या यंत्रणांना सूट देता येते. शिवाय माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलमच त्याने बदललं. व्यापक जनहितासाठी अशी माहिती द्यावी, हे शब्द त्या कलमातून गेले. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू आहे. जनहिताचं दुसरं कलम उरलंय, पण तिथे तोलणारा अधिकारीच.

म्हणजे म्हातारीचा अंगठा सरकारने बघायचा. पण गावाचं धान्य कोणाकोणाच्या नावावर उचललं गेलं हे तिने विचारलं, तर "वैयक्तिक माहिती" म्हणून तिला परत पाठवता येईल. लोकशाहीत नेमकं उलटं हवं ना? झाकायचा हक्क माणसाला, दाखवायचं बंधन सरकारला.

मागणी फार मोठी नाही. ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्या आणि तपास संपल्यावर त्या माणसाला कळवा.

एकेकाळी सही न येणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणून हसायचो. आता सही येणारे आपण सगळेच रांगेत उभे आहोत... काही न विचारता अंगठा पुढे करून.