गोळ्यांची पिशवी

मार्चचा दुसरा गुरुवार २००६ पासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. रसवंतीची घुंगरे वाजू लागतात, चौकात शहाळ्यांच्या गाड्या लागतात आणि डायलिसिसवरच्या माणसाला घरात पाणी मोजून मिळू लागते. शहाळे तर त्याला वर्ज्यच. त्यातले पोटॅशियम रक्तात साचले, तर हृदयाचे ठोके चुकतात, थांबतातही.

१९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यावर मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झाले, तेव्हा यंत्र हीच नवलाई होती. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. आपल्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार आहे. हे काम मोठेच. पण आठवड्याचे तास १६८. तीन खेपांचे चार-चार तास धरले तरी माणूस मशीनवर असतो जेमतेम बारा तास. उरलेले १५६ गोळ्यांच्या भरवशावर.

एखाद्या केंद्रातल्या बाकावर तासभर बसून पाहावे. पेशंट वजनकाट्यावर चढतो, तंत्रज्ञ आकडा ‘ड्राय वेट’शी, म्हणजे जादा पाणी निघाल्यावरच्या वजनाशी, ताडून म्हणतो, “आज अडीच लिटर काढू.” शेजारी बायकोच्या मांडीवर कापडदुकानाची पिशवी. तिच्यात कापलेल्या पट्ट्या. काहींवरचे औषधाचे नाव कात्रीतच गेलेले. साखरेच्या डॉक्टरांची चिठ्ठी वेगळी, हृदयाच्या डॉक्टरांची वेगळी. गुडघ्याची वेदनाशामक गोळी तर चिठ्ठीविनाच गावातल्या दुकानातून आलेली. उरलीसुरली लघवी तीच आटवू शकते, पोटात रक्तस्रावही करू शकते.

फॉस्फरस बांधणारी गोळी अन्नाबरोबर पोटात गेली तरच कामाची. सवयीने ‘जेवणानंतर’ म्हणत दोन तासांनी घेतली, तर पैसे वाया, अंगाची खाज कायम आणि हाडे ठिसूळ. रक्तदाबाची गोळी सकाळीच घेऊन मशीनवर गेले की पाणी निघता निघता दाब कोसळू शकतो: घाम, पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. एकदा हे अनुभवलेला माणूस मग सगळ्याच गोळ्या परस्पर बंद करतो. कुठली त्या दिवशी मागे ठेवायची, हे त्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते. मूत्रपिंड थकले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, म्हणून जुनाच डोस चालू राहिला तर पहाटे साखर उतरते. पायांच्या आगीसाठीची गॅबापेंटिन नेहमीच्या मात्रेत दिली, तर माणूस दिवसभर पेंगतो, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, वय झाले.

स्वयंपाकघरही यातून सुटत नाही. ‘कमी सोडियमचे’ म्हणून कौतुकाने आणलेल्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. कोकणातले करमर, आडवे कापले की चांदणी दिसणारे आंबट फळ, इतरांना चटणीपुरते. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र न थांबणारी उचकी, भ्रम, झटके आणि प्रसंगी मृत्यू. पथ्याच्या यादीत केळे असते, करमर क्वचितच.

उपाय खर्चीक नाही. महिन्याच्या रक्ततपासणीच्या दिवशी प्रत्येक केंद्रात एका फार्मासिस्टने ही पिशवी टेबलावर उलटी करावी, चिठ्ठ्यांशी ताडावी, शंका असेल तिथे मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारावे आणि एकच मराठी कागद हाती द्यावा. योजनेच्या करारात हे काम लिहून मागितले पाहिजे. भलेपणावर सोडून ते होणार नाही.

आमचे पेशंट शिकत नाहीत, ही तक्रार आम्हाला मान्य नाही. फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हाताला रक्तदाबाचा पट्टा लावू द्यायचा नाही, हे अंगठेबहाद्दर म्हातारीही नव्या नर्सला बजावते. झोपण्यापूर्वी ती मनगटावर बोटे टेकवून आतली घरघर चालू आहे ना, पाहते; थांबली तर रात्रीच निघायचे, हे तिला ठाऊक असते. कारण कुणीतरी पहिल्याच आठवड्यात तिची बोटे धरून तिथे टेकवली होती. तिची पिशवी मात्र चार तास मांडीवर असते आणि गाठ न सुटता घरी जाते.