पारा आणि पाढे

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो, म्हणून विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. उन्हाचा प्रश्न मिटला, असं आपण धरून चालतो. गर्ग, जगनानी आणि ताराझ या अर्थतज्ज्ञांनी ‘असर’ या ग्रामीण शिक्षण सर्वेक्षणातल्या चाचण्या तपासून २०२० साली वेगळंच दाखवलं. सरासरी तापमान २९ अंशांवर गेलेले दिवस वाढले, की पुढच्या वर्षी ग्रामीण मुलांचं गणित आणि वाचन घसरतं. तेही करपलेल्या पिकामुळे. पीक गेलं की आधी पोराच्या ताटातलं दूध जातं. रोजगार हमी पोहोचली तिथे ही घसरण कमी दिसली. वर्गात पंखे हवेतच (वीजबिल थकलं की ते फिरत नाहीत, हा भाग वेगळा!). पण हमीची मजुरी वेळेवर खात्यात पडते का, हेही शिक्षण खात्याने विचारावं.