मेट्रो मुंबईची, बाजारपेठ कुणाची?

मुंबईची भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. निम्म्याहून अधिक पैसा जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जाचा, गाड्या फ्रान्सच्या अल्स्टॉम कंपनीच्या. आपली शहरे वाढली की त्यांना व्याज मिळते, बाजारपेठ मिळते. याला आम्ही लूट म्हणत नाही. व्याज कमी आहे आणि डबे आंध्रातल्या श्रीसिटीत बनले. पण हे उपकारही नव्हेत. हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात अटी घालता येतात. खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. मग वस्तीतली आयटीआय झालेली मुले-मुली तिथे तंत्रज्ञ होणार की खोदकामाच्या रोजंदारीवरच राहणार? स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणाची आणि नोकरीची अट करारातच हवी. पुढच्या मार्गांची कंत्राटे निघण्याआधी ही मागणी आपण लावून धरली पाहिजे; सही झाल्यावर निवेदने देऊन काय उपयोग?